'इंजिन रफ चालतंय' हे लिहून ठेवलं पाहिजे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शिकाऊ विमान शेतात उतरल्याची बातमी आपल्याकडे अधूनमधून येते. उसाच्या फडाशेजारी नाक खुपसून बसलेलं छोटं विमान, भोवती जमलेलं गाव असा फोटो असतो आणि खाली 'तांत्रिक बिघाडामुळे' एवढा खुलासा. तिथं बातमी संपते. माझ्यासारख्याच्या डोक्यात मात्र तिथून प्रश्न सुरू होतात. पस्तीसहून अधिक वर्षं मी छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांवर काम केलं. 'पुष्पक' या जुन्या भारतीय शिकाऊ विमानांच्या काळात हेल्पर म्हणून लागलो, पुढे परवाना मिळाला आणि विमान उडण्यायोग्य आहे अशी सही करू लागलो. आता घरी असतो. हे पत्र थोडं लांबेल. तरी छापता आलं तर छापा, कारण तुमच्या वाचकांत असे अनेक आईबाप आहेत ज्यांची मुलं या विमानांवर शिकताहेत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यासाठी लोकांनी घरं, शेतं गहाण टाकलेली मी पाहिली आहेत.

सांगायचं आहे ते असं. मी पाहिलेल्या इंजिनांपैकी फार थोडी न सांगता बंद पडली. बाकीच्यांनी आधी कुरकुर केली होती. कुणी दोन दिवस, कुणी दोन आठवडे. इंजिन थरथरतं, मधेच एखादा ठोका चुकवतं, हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, भाषेत 'मिसिंग करतं', 'रफ चालतं'. हे कुणीतरी ऐकलेलं असतं. पण लिहिलेलं नसतं, किंवा लिहिलं तर त्यापुढे 'ग्राउंड रन केला, समाधानकारक' (जमिनीवर इंजिन चालवून बघितलं, ठीक आहे) असं लिहून तक्रार मिटवलेली असते. माझा सगळा जीव या एका ओळीवर अडकला आहे, आणि का ते पुढे सांगतो.

आपल्याकडे शिकवणीची पुष्कळ विमानं सेस्ना १५२ आणि १७२ जातीची. १५२ तर १९७७ ते १९८५ एवढीच वर्षं तयार झाली, म्हणजे आज उडतं ते प्रत्येक १५२ त्यातल्या बहुतेक विद्यार्थ्यांहून वयानं मोठं आहे. वय मोठं असण्यात धोका नाही, देखभाल नीट असेल तर. या विमानांत चार सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन असतं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवायला दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटो म्हणजे इंजिनच्याच फिरण्यावर वीज तयार करणारं यंत्र. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं ते यामुळे. एक मॅग्नेटो गेला तर दुसऱ्यावर घरी येता येतं.

उड्डाणाआधी वैमानिक धावपट्टीच्या तोंडाशी थांबून जो 'रन-अप' करतो, तो या दोघांची परीक्षा घेण्यासाठी. जुन्या १५२-१७२ मध्ये इंजिन १७०० आरपीएमवर (मिनिटाला १७०० फेरे) ठेवायचं, किल्ली एका मॅग्नेटोवर आणायची, आरपीएम किती पडतो ते बघायचं, परत दोन्हीवर, मग दुसऱ्यावर. घट १२५ पेक्षा जास्त नको आणि दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. हे आकडे सगळ्या मुलांना तोंडपाठ असतात. पण आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट असते घट कशी आली ती, आणि ती त्यांना फारसं कुणी शिकवत नाही. काटा अलगद खाली आला, आवाज एकसारखा राहिला आणि दोन्ही बाजूंची घट जास्त भरली, तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगीची वेळ चुकतेय. काटा धपकन पडला आणि सगळं डॅशबोर्ड हलायला लागलं, तर एखादा प्लग किंवा त्याची तार मेलेली आहे. एकाच आकड्याची ही दोन वेगळी दुखणी आहेत. 'मॅग ड्रॉप जास्त' एवढंच लिहून मुलगा गेला की मी कोणत्या बाजूनं सुरुवात करू?

आणि काटा अजिबात पडला नाही तर? मुलं खूश होतात. एकदा एका मुलानं अंगठा वर करून मला सांगितलं, "सर, झिरो ड्रॉप!" मी त्याला आधी विमानाच्या नाकावरच्या पंख्यापासून लांब बोलावलं. घट शून्य याचा बहुतेक वेळा अर्थ असा की किल्लीनं तो मॅग्नेटो बंदच झालेला नाही, त्याला जमिनीशी जोडणारी बारीक तार तुटली आहे. म्हणजे इंजिन बंद केल्यावरही तो जिवंत. कुणी सहज पंखा हातानं फिरवला तर सिलिंडर पेट घेऊ शकतो, आणि पंखा माणसाचा हात बघत नाही.

रफ चालण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे प्लगवर साठणारं शिसं. गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं, विमानाच्या शंभर ऑक्टेनच्या निळ्या पेट्रोलमध्ये ते अजून आहे, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. (हे पेट्रोल पूर्वी परदेशातून यायचं. २०२२ साली इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं बाजारात आणलं, याचं मला फार समाधान वाटलं.) त्या शिशाला धुरावाटे बाहेर काढून नेणारं एक रसायनही पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, पण ते काम करतं प्लगचं नाक चांगलं तापलं तर, सुमारे सव्वाचारशे अंश सेल्सिअसच्या पुढे. शिकवणीच्या विमानाचं आयुष्य कसं असतं बघा. रांगेत आपली पाळी येईपर्यंत कमी आरपीएमवर पंधरा मिनिटं घुरघुरत उभं राहायचं, मिश्रणाचा दांडा पूर्ण आत, म्हणजे पेट्रोल भरपूर. मग चक्कर, उतरणं, पुन्हा रांग. प्लग तापतच नाही. शिसं बाहेर जायचं ते तिथंच गोठतं.

खालच्या बाजूचा प्लग काढून हातात घ्या. पोकळीत करड्या रंगाचे मणी दिसतील, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, काही त्याहून बारीक, एकमेकांना आणि चिनीमातीला घट्ट चिकटलेले. असा एक मणी दोन टोकांच्या मध्ये बसला की ठिणगी उडण्याऐवजी वीज त्यातूनच निघून जाते. हे मणी दातकोरणीसारख्या टोकदार हत्यारानं एकेक करून उकरून काढायचे, मग वाळूच्या फवाऱ्यानं साफ करायचं, हवा मारायची, दोन टोकांमधलं अंतर मापानं बघायचं, आतला रोध मोजायचा. तो पाच हजार ओहमच्या पुढे गेला की प्लग दिसायला कितीही चांगला असो, फेकायचा. हातातून फरशीवर पडला तरी फेकायचा, आतली चिनीमाती तडकलेली बाहेरून कळत नाही. वॉशर प्रत्येक वेळी नवा. आणि बसवताना खालचा वर, वरचा खाली. आठ प्लगांना नीट करायला मला अर्धा दिवस लागायचा. आठ प्लग वीस मिनिटांत 'साफ' करून देणारी मुलंही मी पाहिली. ती रॉकेलमध्ये बुडवून ब्रश मारायची. शिसं रॉकेलला दाद देत नाही.

याचा निम्मा उपाय वैमानिकाच्याच हातात असतो. जमिनीवर रांगेत उभं असताना मिश्रणाचा दांडा मागे ओढून पेट्रोल कमी ठेवायचं. बंद करण्याआधी इंजिन १८०० आरपीएमवर पंधरा-वीस सेकंद चालवायचं, मग १२०० वर आणून मिश्रणाच्या दांड्यानंच पेट्रोल तोडून इंजिन बंद करायचं. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीनंच हे सांगितलेलं आहे. माझ्या शेवटच्या काही वर्षांत एका प्रशिक्षकानं हट्टानं सगळ्या मुलांना ही सवय लावली आणि त्याच्या तुकडीच्या विमानाचे प्लग मी तपासणीला काढायचो तेव्हा नाकं कोरड्या तपकिरी रंगाची निघायची. मला तो रंग बघून बरं वाटायचं.

कोणता सिलिंडर मेलाय हे शोधायची एक जुनी रीत आहे, ती आजही यंत्राच्या तोडीस तोड चालते. ज्या मॅग्नेटोवर इंजिन रफ आहे त्याच एकावर थोडा वेळ चालवायचं आणि त्याच अवस्थेत बंद करायचं. लगेच काऊलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, उघडून चारही एक्झॉस्ट नळ्यांवर, सिलिंडरच्या तोंडापाशी, पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. तीन नळ्यांवर थेंब चर्र करून उडून जातो. चौथीवर नुसता ओघळतो. तो तुमचा सिलिंडर. आता तापमान मोजायची बंदूक मिळते, तीही चालेल. पण पुढची पायरी लोक विसरतात. लगेच नवा प्लग लावायचा नाही. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावून पुन्हा चालवायचं. दुखणं प्लगबरोबर सरकलं तर प्लग दोषी. जागेवरच राहिलं तर तार किंवा मॅग्नेटोचा वाटप करणारा भाग बघायचा. यात एक तास जास्त जातो, आणि तो तास वाचवायला पेटीभर सुटे भाग बदलले जातात. मग खरोखर काय बिघडलं होतं ते कुणालाच कळलेलं नसतं.

पावसाळ्यातच येणारं दुखणं म्हणजे तारा. हार्नेसचं, म्हणजे प्लगला जाणाऱ्या तारांच्या जुडग्याचं, वरचं आवरण एखाद्या क्लॅम्पपाशी घासलेलं असतं. उन्हाळाभर ते काही बोलत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, विमान रात्रभर ओल्या हवेत उभं राहिलं की सकाळी मिसिंग सुरू, दहा वाजता ऊन पडलं की बंद. दुपारी तपासणाऱ्याला काय सापडणार?

कार्ब्युरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, बर्फ ही गोष्ट तर आपल्या लोकांना पटतच नाही. "सर, बाहेर पंचवीस डिग्री आहे, बर्फ कसला?" पण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचं तापमान वीस-पंचवीस अंशांनी सहज खाली येतं. हवा दमट असेल, थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा ॲक्सिलरेटर, थोडं बंद असेल, तर त्या गळ्यात खरोखर बर्फ धरतो. आपला जुलै-ऑगस्ट यासाठी अगदी योग्य काळ. 'पुष्पक'मधलं कॉन्टिनेंटलचं ९० अश्वशक्तीचं इंजिन या बाबतीत फार नाजूक. लायकमिंगमध्ये कार्ब्युरेटर तेलाच्या टाकीला खालून जोडलेला असतो, तेलाची थोडी ऊब त्याला मिळते, म्हणून ते जरा कणखर. जरा, एवढंच. आरपीएम आपोआप हळूहळू उतरतो, मग इंजिन थरथरायला लागतं. उपाय म्हणजे कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, दांडा पूर्ण ओढायचा. अर्धा नाही, पूर्ण. आणि इथं मुलं घाबरतात, कारण दांडा ओढल्यावर इंजिन आधी आणखी बिघडतं. गरम हवा पातळ असते म्हणून ताकद कमी होते, आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी सिलिंडरमध्ये जातं म्हणून ते खोकतं. मुलगा दचकून दांडा परत आत ढकलतो. नेमकं तेव्हाच ढकलायचं नसतं. धरून ठेवलं तर थोड्याच वेळात आरपीएम वर येतो. हे जमिनीवर शंभरदा सांगून होत नाही, प्रशिक्षकानं हवेत शेजारी बसून एकदा करून दाखवावं लागतं.

बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. मंद चालताना रफ आणि जोरात चालताना ठीक असेल तर सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यातून फुकटची हवा आत जातेय का बघा, सांध्यापाशी निळा डाग पडलेला असतो. भर उन्हाळ्यात नागपूरसारख्या ठिकाणी, जिथं धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, ४३ अंशांत विमानाला हवा साडेचार हजार फुटांवरच्याइतकी विरळ लागते. तिथं मिश्रण पूर्ण भरपूर ठेवलं की इंजिन घशात अडकल्यासारखं चालतं, दोष कशाचाच नसतो. आणि पेट्रोलच्या टाकीला हवा देणारी नळी. कुंभारमाशी तिच्यात मातीचं घर बांधते. विमान आठवडाभर उभं असेल तर ती नळी आणि टाकीतळाचं पाणी बघितल्याशिवाय माझ्या हाताखालच्या कुणालाही मी इंजिन चालू करू देत नव्हतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

एका फ्लाइंग क्लबात मी असताना तिथल्या १७२ बद्दल एका विद्यार्थिनीनं लिहिलं : 'सकाळी सुरू केल्यावर इंजिन थोडा वेळ हलतं, मग ठीक होतं.' मला ते दुपारी बाराला कळलं. तोवर विमान दोन फेऱ्या करून आलेलं, इंजिन गरम. मी चालवून बघितलं. दोन्ही मॅग्नेटो उत्तम, आवाज गुळगुळीत. लिहिलं, 'ग्राउंड रन केला, समाधानकारक.' सही केली. तीन दिवसांनी तिनं पुन्हा लिहिलं, जवळपास त्याच शब्दांत. या वेळी मी प्लग काढून साफ केले. इंजिन गरमच होतं, चाललंही छान. पुन्हा सही. त्यानंतर तिनं लिहिलं नाही. तिसऱ्यांदा लिहिलं तर विमान दिवसभर उभं राहील, सोबतच्या मुलांची पाळी जाईल आणि ती बोल लावतील, असं तिला वाटलं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात, सकाळच्या पहिल्या उड्डाणाला, चाकं जेमतेम सुटली असताना इंजिन जोरानं हादरू लागलं. प्रशिक्षक अनुभवी होता. त्यानं क्षणभरही न घालवता थ्रॉटल ओढलं आणि उरलेल्या धावपट्टीवर विमान पुन्हा टेकवलं. ते टोकाच्या गवतात जाऊन थांबलं. दोघंही सुखरूप होते. मी धावत गेलो तेव्हा काऊलिंगखालून तेल ठिबकत होतं. ती मुलगी खाली उतरून पंखाला टेकून उभी होती. मला म्हणाली, "सर, मी लिहिलं होतं ना?"

तिनं बरोबर लिहिलं होतं. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारी झडप, त्याच्या गाइडमध्ये अडकत होता. गाइड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली सरकते ती. तिच्यात शिसं आणि जळालेल्या तेलाचा थर बसत जातो. रात्रभर गार झालेलं इंजिन सुरू केलं की दांडी अडकते, तो सिलिंडर काम करत नाही, इंजिन हलतं. अर्ध्या-एक मिनिटात ऊब आली की सुटते. अमेरिकन मेकॅनिक याला गरोदर बाईची 'सकाळची मळमळ' म्हणतात, इतकं ते ओळखीचं लक्षण आहे. लायकमिंगचं ३८८ क्रमांकाचं सर्व्हिस बुलेटिनच या तपासणीसाठी आहे, दर हजार तासांनी, आणि व्हॉल्व्ह अडकतोय असा संशय आला तर त्याआधीच. मला ते माहीत होतं. माहीत असून मी गरम इंजिन तपासलं. त्या दिवशी व्हॉल्व्ह पक्का अडकला, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉड नावाच्या सळईनं जोर लावला आणि ती स्वतःच वाकली, वाकून तिच्या बाहेरच्या नळीवर घासली आणि तिथून तेल आलं.

दुरुस्ती दीड दिवसाची होती. सिलिंडर काढावाही लागला नाही. पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, हातभर, आणखी हातभर, मावेल तेवढी. मग पंखा हळूच फिरवून पिस्टन वर आणायचा, म्हणजे दोरीचा गठ्ठा व्हॉल्व्हला खालून आधार देतो. वरचा रॉकर काढायचा, स्प्रिंग दाबून लॉक सोडवायचे. दोरी बाहेर काढून व्हॉल्व्ह आत ढकलायचा आणि गाइडमध्ये ग्रीस लावलेला रीमर, म्हणजे आतून खरवडायचं हत्यार, हातानं सावकाश फिरवायचा. ग्रीस यासाठी, की खरवडलेला कीस त्यालाच चिकटावा, खाली पडू नये. रीमर बाहेर आला तेव्हा त्याच्या खाचांत काळी, चिवट, डांबरासारखी कीट भरलेली होती. मी ती बोटावर घेतली आणि बराच वेळ तशीच धरून बसलो. मुलगी दोनदा सांगत होती ती ही.

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. तक्रार ज्या अवस्थेत आली त्याच अवस्थेत तपासायची. सकाळी गार असताना हलतं म्हणाले तर विमान रात्रभर उभं ठेवायचं आणि पहाटे साडेपाचला मी स्वतः तिथं. उतरताना हलतं म्हणाले तर प्रशिक्षकाबरोबर मी उड्डाणाला. पावसात हलतं म्हणाले तर पावसात. आणि दोष सापडला नाही तर 'समाधानकारक' हा शब्द लिहायचा नाही. 'दोष पुन्हा दिसला नाही, तक्रार उघडी, पुढच्या वैमानिकानं लक्ष ठेवावं' असं लिहायचं. व्यवस्थापनाला हे आवडत नाही. उघडी तक्रार वहीत दिसली की विमानानं उडावं की नाही हा प्रश्न कुणाला तरी विचारावा लागतो. तो विचारायलाच हवा.

फ्लाइंग स्कूल चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रन-अपचे आकडे रोज, विमानागणिक, एका वहीत लिहून घ्या. 'ओके' नको, आकडे. डावा ७५, उजवा ८०. आठवड्याभरात डावा ७५ वरून ११० वर गेला तर तो अजून मर्यादेत आहे, पण कुठल्या तरी प्लगवर शिसं धरतंय हे वही तुम्हाला विमान जमिनीवर असतानाच सांगेल. या वहीला खर्च शून्य आहे. आणि तक्रार लिहिणाऱ्या मुलाची बुडालेली पाळी त्याला परत द्या, त्याच्या सोबत्यांचीही द्या. म्हणजे कुणी कुणाला बोल लावणार नाही.

शिकणाऱ्या मुलामुलींनो, तुम्ही काय बिघडलंय ते शोधू नका, ते आमचं काम. तुम्ही एवढंच लिहा : इंजिन गार होतं की गरम, सुरू केल्यापासून कितवं मिनिट, आरपीएम किती, मिश्रण कुठे, कार्ब हीट कुठे, कोणत्या मॅग्नेटोवर, थरथर एकसारखी की मधेच ठोका चुकवणारी, आणि तुम्ही काय केल्यावर ती वाढली किंवा थांबली. हवेत असं झालं तर आधी विमान उडवा, कार्ब हीट पूर्ण ओढा, पेट्रोल कोणत्या टाकीतून येतंय ते बघा, मिश्रण जरा पुढेमागे करून बघा, मग मॅग्नेटो एकेक. एकावर गुळगुळीत चाललं तर त्याच्यावर राहा आणि जवळची धावपट्टी गाठा. किल्ली फिरवताना घाईत 'बंद'वर नेऊ नका. गेलीच तर थ्रॉटल पूर्ण मागे घेतल्याशिवाय परत आणू नका, सायलेन्सरमध्ये साठलेलं पेट्रोल भडकतं.

संपादक महोदय, तुमच्या वार्ताहरांनाही सांगा. पुढच्या वेळी असं विमान कुठल्या शेतात उतरलं तर 'तांत्रिक बिघाड' लिहून परत येऊ नये. विमान आदल्या आठवड्यात कुणी रफ चालत असल्याचं लिहिलं होतं का, आणि लिहिलं असेल तर त्यापुढे काय शेरा मारला गेला, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळालं नाही तर उत्तर मिळालं नाही असं छापावं.

ती मुलगी आज एका विमान कंपनीत वैमानिक आहे. वाकलेली पुशरॉड मी तेव्हा भंगारात जाऊ दिली नाही, लॉगबुकात नोंद करून मागून घेतली. माझ्या कपाटात आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही फ्लाइंग स्कूलला ती वर्गात दाखवायची असेल तर मी एस.टी.नं घेऊन येईन, मानधन नको. सकाळचा वर्ग ठेवावा, म्हणजे त्यानंतर हँगरमध्ये जाऊन गार इंजिन सुरू करून मुलांना ते ऐकवता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, नाशिक